गाडी कुंई कुंई करतेय?

मैत्रिणींनो, चालत्या गाडीतून ‘कुंईऽऽ’ असा आवाज आला, तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. गाणी बंद करून आधी नीट ऐका.

मोकळ्या जागी गाडी थांबवा, हँडब्रेक ओढा आणि न्यूट्रलमध्ये हलकेच अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आवाज चढला तर दोष इंजिनाकडचा. बहुधा सैल झालेला पट्टा, नाहीतर अल्टरनेटरचं बेअरिंग. फक्त स्टिअरिंग वळवताना येतो? हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर तेल कमी झालं असेल; गळती बघून घ्या. उभ्या गाडीत आवाज नाही, पण वेगाबरोबर वाढतो, तर चाकाचं बेअरिंग तपासायला सांगा. ब्रेक लावतानाच किंचाळतो? ब्रेक पॅड संपत आले असतील.

पट्टा तुटला की बॅटरी चार्ज होत नाही, काही गाड्यांत इंजिनही तापतं. तेव्हा बॅटरीचा लाल दिवा लागला तर गाडी पुढे रेटू नका, बाजूला घ्या. आणि हो, इंजिन चालू असताना बॉनेटखाली वाकू नका. पदर, ओढणी, मोकळे केस पट्ट्यात अडकतात.

गॅरेजमध्ये ‘काहीतरी वाजतंय’ एवढंच म्हणू नका. आवाज कधी येतो, कधी थांबतो ते सांगा. मग नको ते पार्ट बदलून बिल फुगणार नाही!