मीठ ओरडतं, सोनं कुजबुजतं

सुट्टीची गर्दी ओसरली की फ्लोरिडापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या किनाऱ्यांवर एक वेगळीच मंडळी उतरते. कानाला हेडफोन, एका हातात मेटल डिटेक्टर, दुसऱ्या हातात वाळू गाळणारं भोकांचं फावडं. हरवलेल्या अंगठ्या, नाणी, नशीब जोरावर असेल तर बुडालेल्या जहाजावरचा ऐवज, असं बरंच काही त्यांच्या हाती लागतं. महागडं मशीन घेतलं की काम फत्ते, असं बघणाऱ्याला वाटतं. पण खाऱ्या वाळूत कस लागतो तो सेटिंगचा. आणि गंमत म्हणजे, इथे बटणं वाढवणाऱ्यापेक्षा कमी करणाऱ्याला जास्त सापडतं!

१. समुद्रही ‘वाजतो’
डिटेक्टरची कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे धातूत छोटे विद्युतप्रवाह गोल फिरू लागतात आणि त्यांचा प्रतिसाद मशीन पकडतं. पण समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे तेही वीज वाहून नेतं. सोनं त्याच्यापेक्षा लाखो पटींनी चांगलं वाहक. मात्र अंगठी असते चार-पाच ग्रॅमची आणि खारं पाणी पसरलेलं असतं अख्ख्या किनाऱ्यावर. लग्नाच्या मांडवात डीजे दणदणत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकायची, तसं हे काम. त्यात ओल्या मिठाचा सिग्नल बारीक सोन्याच्या सिग्नलशी बराच मिळताजुळता!

२. टेलिफोनवाले बेलही फसले
२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. शरीरात अडकलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं धातुशोधक यंत्र घेऊन आले. गोळी काही सापडली नाही. गादीतल्या स्टीलच्या स्प्रिंगांनी घोळ घातला आणि डॉक्टरांनी शोधही उजव्याच बाजूला घेऊ दिला. धडा आजही तोच: जवळपासचा प्रत्येक धातू बोलतो. म्हणून कॉइल फिरवताना फावडं लांब ठेवा आणि पोलादी टोकाचे बूट घरीच राहू द्या.

३. आवाज कमी करा, सोनं ऐका
नवशिका सगळ्यात आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बारीक सिग्नल टिपायची ताकद, शेवटपर्यंत नेतो. ओल्या वाळूवर मग मशीन अखंड किरकिरतं आणि त्यातच खरा सिग्नल बुडतो. मिनलॅबच्या इक्विनॉक्स ८०० वर सेन्सिटिव्हिटी १ ते २५ असते. किरकिर थांबेपर्यंत एकेक पायरी खाली यायचं, मशीन शांत झालं की तिथेच थांबायचं. थोडी खोली हातची जाईल, पण जे वाजेल ते भरवशाचं असेल. याच मशीनमध्ये ‘बीच १’ हा मोड वाळूसाठी आणि ‘बीच २’ लाटांमध्ये व पाण्याखाली वापरण्यासाठी दिला आहे. ‘बीच २’ मध्ये मशीन आपली प्रक्षेपणाची ताकदच कमी करतं. सगळीकडे खारं पाणी असताना जोर लावून उपयोग नसतो, हे बनवणाऱ्यांनीच ओळखलंय.

४. एका फ्रीक्वेन्सीचं काम नव्हे
किनाऱ्यावर शत्रू दोन: मीठ आणि लोहखनिजाची काळी वाळू. ग्राउंड बॅलन्स म्हणजे जमिनीचा आवाज वजा करणं. पण मीठ आणि काळी वाळू सिग्नलला वेगवेगळ्या दिशांना ओढतात, त्यामुळे एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं मशीन एकाला गप्प करेपर्यंत दुसरी बोलू लागते. अनेक फ्रीक्वेन्सी एकदम वापरणारं मशीन त्यांची तुलना करून दोघांनाही बाजूला सारतं. रत्नागिरीकरांना काळ्या वाळूची ओळख करून द्यायला नको. मांडवीचा ‘काळा समुद्र’ त्यांच्या दारातच आहे. साधं, एकाच फ्रीक्वेन्सीचं मशीन असेल तर ते भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत चालवावं. तिथे ते उत्तम काम देतं.

५. जरा थांबून ऐकणारं मशीन
‘पल्स इंडक्शन’ची युक्ती झकास आहे. हे मशीन चुंबकीय ठोका देतं आणि सेकंदाच्या साधारण एक लाखाव्या भागाइतकं थांबून मग कान देतं. तोवर खाऱ्या पाण्यातले प्रवाह विरून जातात, धातूतले मात्र रेंगाळतात. थांबण्याचा हा वेळ वाढवला तर मशीन आणखी शांत होतं, पण मग पातळ सोनंही निसटतं. शिवाय या मशीनला लोखंड आणि सोनं यांतला फरक नीट सांगता येत नाही. हेअरपिन आणि गळांसकट सगळं खणायची तयारी हवी!

६. कचरा गाळाल तर अंगठी गमवाल
नको तो धातू वगळणाऱ्या सेटिंगला ‘डिस्क्रिमिनेशन’ म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत ओढून काढायच्या झाकणांचे कॅन आले आणि त्यांच्या ॲल्युमिनियमच्या कड्या किनाऱ्यांवर पसरल्या. स्क्रीनवर या कड्या आणि सोन्याच्या अंगठ्या जवळपास एकाच आकड्याला येतात. कडी गाळली की अंगठीही गेली! नाजूक साखळीची तर आणखी पंचाईत. तिच्या कड्या एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात, म्हणून मशीनला अख्खी साखळी दिसतच नाही. वाजला तर तिचा फासा वाजतो. त्यामुळे जाणकार फार गाळत बसत नाहीत, खणतात.

७. हात कसा फिरवायचा?
कॉइल वाळूपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, जमिनीला समांतर ठेवा. फेरीच्या टोकाला हात नकळत वर जातो. कॉइल चार बोटं जरी उचलली गेली तरी मिठाचा सिग्नल बदलतो आणि मशीन ‘टुर्र’ करतं. खणलं की खाली नुसती वाळू! म्हणून फेरी सपाट आणि संथ ठेवा. ती पाण्याच्या रेषेला समांतर घ्या, म्हणजे ओलावा एकसारखा राहतो. पाण्यात असाल तर कॉइल पूर्ण बुडालेली हवी. लाटेगणिक आत-बाहेर झाली की गोंधळ. शंका आली तर काटकोनात वळून पुन्हा फिरवा. दोन्ही दिशांनी एकाच जागी वाजलं, तर फावडं मारा.

८. पंचांगही हवंच
अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, हे कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असतं. तेव्हा भरती जितकी चढते, तितकीच ओहोटीही दूर जाते आणि एरवी पाण्याखाली असलेली वाळू उघडी पडते. ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी उतरायचं आणि पाण्यामागोमाग खाली जायचं. वादळाने वाळूचे थर ओढून नेले असतील तर फारच उत्तम, कारण खोल गेलेल्या जड वस्तू मग आवाक्यात येतात.

९. वादळाने बुडवलं, वाळूने जपलं
१७१५ च्या जुलैअखेरीस हवानाहून स्पेनकडे निघालेल्या बारा जहाजांच्या ताफ्याला फ्लोरिडाजवळ वादळाने गाठलं. अकरा जहाजं बुडाली. १९५० च्या दशकात किप वॅग्नर या स्थानिक माणसाने लष्कराने मोडीत काढलेला डिटेक्टर घेऊन तिथल्या खुणा शोधल्या, पुढे पाण्यातून खजिनाही काढला. त्या किनाऱ्याला आज ‘ट्रेझर कोस्ट’ म्हणतात. समुद्रात चांदी काळी पडते, सोनं मात्र शतकांनंतरही पिवळंधमक निघतं!

१०. शेवटचं सेटिंग: आपली वागणूक
अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांच्या किनाऱ्यांवर डिटेक्टर चालवायला मनाई आहे. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे: जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. अंगठीचा मालक कळला तर ती त्यालाच द्यावी. आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवावा. फ्लोरिडा असो की आपलं वेळास, कासवाची पिल्लं वाळूवरून रांगत समुद्राकडे जातात आणि माणसाने सोडलेल्या खड्ड्यात अडकतात. तेव्हा सेन्सिटिव्हिटी कमी ठेवा, फेरी संथ ठेवा आणि खड्डा बुजवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.