वळीव, वाफ आणि संध्याकाळची शर्यत

२१ मे २०२३, रविवार. सकाळी बंगळूरूच्या ‘वर्ल्ड टेन के’ शर्यतीत केनियाच्या सबास्टियन सावेने दहा किलोमीटर २७ मिनिटे ५८ सेकंदांत संपवले. मागून हजारो हौशी मंडळी आली आणि गळ्यात पदक अडकवून घरोघरी परतली. दुपारी आभाळ काळे झाले. गारा पडल्या, झाडे कोसळली आणि के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये तुंबलेल्या पाण्यात गाडी अडकून एका तरुणीचा जीव गेला.

पुढच्या वर्षी हीच शर्यत २८ एप्रिलला झाली. भारतीय महिलांत नाशिकची संजीवनी जाधव पहिली आली. त्या दुपारी शहरात पारा ३८.५ अंशांवर गेला. पंख्याशिवाय उन्हाळा काढल्याच्या गोष्टी सांगणारे शहर हे! एप्रिल २०१६ मधला ३९.२ अंशांचा उच्चांक काही फार दूर राहिला नव्हता.

एका वर्षी गारा, दुसऱ्या वर्षी होरपळ. दोन्ही वेळा पळणारे सकाळीच मोकळे झाले होते म्हणून निभावले. तरीही उन्हाळा आला की एखाद्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, रहिवाशांच्या बैठकीत कुणीतरी सुचवतेच: पहाटे चारला कोण उठणार? आपली पाच किलोमीटरची शर्यत संध्याकाळी ठेवू.

सूचना अगदीच वेडी नाही. माणसाच्या शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि दुपार कलल्यावर सर्वांत जास्त असते. स्नायू सैलावलेले असतात, सांधे कुरकुरत नाहीत. त्यामुळे संध्याकाळी पाय खरोखरच बरे चालतात. पण तापलेल्या शरीराला उष्णता बाहेर टाकायची असते आणि आडवा येतो तो रस्ता. दिवसभर ऊन प्यालेले डांबर सूर्य बुडाल्यावरही तास-दोन तास उष्णता ओकत राहते. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या हवेचा. धावणाऱ्याच्या पोटऱ्यांना लागते ती झळ त्या आकड्यात नसते. त्यातच पावसाची एखादी सर नुसती शिंपडून गेली, तर रस्त्यावरून वाफ उठते, घाम वाळत नाही आणि अंग थंड व्हायची वाटच बंद होते.

नुसता अंधार पडल्याने काम भागत नाही, हे जगाने दोह्यात पाहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेची महिला मॅरेथॉन तिथे मध्यरात्रीच्या ठोक्याला सुटली. तरी हवा तीस अंशांच्या वर आणि दमट. ६८ जणी निघाल्या, ४० पोहोचल्या.

बंगळूरूची रात्र तेवढी निर्दय नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या या गावात रात्री हवा बरीच निवते. रोटरीच्या मंडळींनी २००७ मध्ये व्हाइटफील्डला ‘मिडनाइट मॅरेथॉन’ सुरू केली. मध्यरात्री ऊन नाही आणि रहदारीही विरळ. संध्याकाळी सहाला मात्र या शहरात रस्ता मागणे म्हणजे पोलिसांची सहनशक्ती पाहणे.

म्हणून छोट्या शर्यतीने लेआउटमधल्याच गल्ल्यांत एक-सव्वा किलोमीटरचा फेरा आखून चार-पाच वेळा फिरावे. मे महिन्यात सूर्य साडेसहाच्या पुढे मावळतो आणि या अक्षांशावर संधिप्रकाश लवकर आटोपतो. पावणेसातला सोडलेल्या शर्यतीत तेज पोरे उजेडात पोहोचतील. पन्नास मिनिटे घेणारे काका मात्र पूर्ण काळोखात. त्यांच्यासाठी आदल्या दिवशी प्रत्येक हंपवर चुन्याचे पट्टे ओढावेत, बंद दिवे लावून घ्यावेत, उचकटलेल्या फरशीपाशी टॉर्च घेऊन एक माणूस उभा करावा. टी-शर्टच्या रंगावर जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मी यावर झाली तरी पुष्कळ.

फेरा छोटा असल्याने पाण्याचे एकच टेबल पुरते. पाच किलोमीटरला घोट-दोन घोट, तहानेपुरते पाणी पुरे. उगाच तांब्याभर रिचवू नये. शेवटच्या रेषेपलीकडे आले-कोथिंबीर घातलेले पातळ ताक ठेवावे. कन्नडिगांचे हे ‘नीर मज्जिगे’ मीठही देते आणि कोणत्याही रंगीत बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

पाण्याहून मोलाचा असतो बर्फ. धावपटू बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो नुसता दमलेला नसतो. उष्माघाताची शंका घ्यायची, रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत वाट न पाहता अंग थंड करायला लागायचे. त्यासाठी मोठा टब, भरपूर पाणी, बर्फाच्या लाद्या आणि जवळ एक डॉक्टर. आधी थंड करणे, मग हलवणे, हा क्रम.

आणि वळीव? या दिवसांत दुपारभर तापलेली हवा वर चढते आणि ढग फुटतात ते बहुधा संध्याकाळच्याच सुमारास. गडगडाट ऐकू आला की शर्यत थांबवायची आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा सोडायची नाही. लोकांना झाडाखाली नव्हे, शाळेच्या किंवा सभागृहाच्या पक्क्या छपराखाली न्यायचे. त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे, हे दुपारीच विचारून ठेवायचे. पाऊस थांबला तरी घाई नको. मेमध्ये गुलमोहर फुललेला असतो आणि ओल्या डांबरावर त्याच्या पाकळ्यांचा थर शेवाळासारखा निसरडा होतो. वळणावरच्या पाकळ्या कुणीतरी खराट्याने लोटून घेईपर्यंत बाकीच्यांनी जागेवरच पाय मोकळे करावेत.