रुग्णनोंदी आणि उपशयाचे गुणोत्तर

निघोजे-चाकण औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या वैद्याने कटिशूलाने त्रस्त कामगारांच्या नोंदी संगणकावर ठेवल्या आहेत, असे समजू. एका तक्त्यात प्रत्येक रुग्णाची एक नोंद, दुसऱ्यात प्रत्येक भेटीची; रुग्णक्रमांक हा दोहोंतील दुवा. किती टक्के रुग्णांना उपशय मिळाला, हे काढताना येथेच चूक संभवते.

उदाहरणादाखल २० रुग्ण घेऊ. १२ जणांना उपशय मिळाला व ते प्रत्येकी ६ वेळा आले. उरलेले ८ जण प्रत्येकी ३ भेटींनंतर फिरकले नाहीत. तक्ते जोडून ओळी मोजल्या, तर ९६ पैकी ७२, म्हणजे ७५ टक्के यश दिसते. वास्तविक प्रमाण २० पैकी १२, म्हणजे ६० टक्केच आहे. उपशयावाचून गेलेल्यांच्या भेटी कमी असल्याने गणतीत त्यांचे वजन घटते.

म्हणून पॉवर बीआयसारख्या साधनात अंश व छेद या दोहोंसाठी प्रत्येक रुग्णक्रमांक एकदाच मोजावा आणि भागाकार शेवटी करावा. वयोगटवार टक्केवारींची सरासरी काढू नये. बेरजांचेच गुणोत्तर घ्यावे. आपल्या चिकित्सेविषयी आपलीच फसगत होऊ नये, यासाठी एवढी दक्षता आम्ही आवश्यक मानतो.