काळी माती सुवाहक की दुर्वाहक?

विजेचा धडा शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. सुवाहकांच्या रकान्यात तांबे, ॲल्युमिनियम, लोखंड. दुर्वाहकांच्या रकान्यात रबर, काच, चिनी माती. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या वर्गात एखाद्या मुलीने विचारले, "सर, आमच्या शेतातली काळी माती कुठल्या रकान्यात लिहू?" तर काय सांगायचे? प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तरावर विहिरीवरची मोटर चालू करणाऱ्याचा जीव अवलंबून असतो.

उत्तर प्रयोगातूनच शोधू. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोध, एक एलईडी आणि दोन खिळे एका मालिकेत जोडा. उन्हात खडखडीत वाळवलेली काळी माती वाटीत घेऊन तिच्यात खिळे चार सेंटीमीटर अंतरावर खोचा. एलईडी लागत नाही. आता माती नळाच्या पाण्याने चांगली भिजवा. एलईडी लागतो! चिमूटभर मीठ टाकले तर आणखी उजळतो. एलईडी व रोध काढून तेथे टॉर्चचा बल्ब लावला, तर मात्र त्याच ओल्या मातीतून तो पेटत नाही. त्याला कितीतरी जास्त प्रवाह लागतो. म्हणजे "बल्ब लागला नाही, म्हणून दुर्वाहक" हा आपला नेहमीचा निष्कर्ष घाईचा असतो. (हा प्रयोग बॅटरीवरच करावा. घरातल्या विजेवर कधीही नाही.)

असे का होते? तांब्यातला जवळजवळ प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो. हे इलेक्ट्रॉन तारेतून वाहतात. मातीत असे मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. तिथे वाहतात ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन. काळ्या मातीचे अतिसूक्ष्म कण ऋणभारित असतात व कॅल्शियम, सोडियमसारखे धन आयन धरून ठेवतात. पाणी मिळाले की हे आयन हालचाल करू लागतात. पाणी गेले की वाट बंद. विजेच्या खांबावरची चिनी मातीची चिमणीही मातीचीच. पण भट्टीत भाजताना तिच्यातले पाणी निघून जाते आणि आयन जागच्या जागी जखडले जातात.

आता आकडे पाहू. तांब्याची रोधकता सुमारे ०.०००००००१७ ओहम-मीटर, तर ओल्या काळ्या मातीची साधारण १० ओहम-मीटर. म्हणजे ही माती तांब्यापेक्षा जवळजवळ ६० कोटी पटींनी वाईट वाहक! तरीही आपण अर्थिंगसाठी तिच्यावर विसंबतो, कारण पुरलेल्या सळईपासून प्रवाह चहूकडे पसरतो आणि त्याला तारेसारखी बारीक नव्हे, तर प्रचंड रुंद वाट मिळते.

समजा, मोटरच्या आतल्या तारेचे आवरण जळाले आणि लोखंडी अंगात २३० व्होल्ट उतरले. अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल, तर ओहमच्या नियमाने २३० ÷ ५ = ४६ ॲम्पिअर प्रवाह जातो आणि १५ ॲम्पिअरचा फ्यूज वितळतो. (डीपीकडच्या अर्थिंगचा रोध येथे सोडून दिला आहे.) रोध ५० ओहम झाला, तर प्रवाह फक्त ४.६ ॲम्पिअर. फ्यूज शाबूत राहतो आणि मोटरचे अंगही 'जिवंत' राहते. ओल्या हातांनी, अनवाणी तिला स्पर्श करणाऱ्याच्या शरीराचा रोध १००० ओहमच्या आसपास धरला, तर त्याच्यातून सुमारे २३० मिलिॲम्पिअर प्रवाह जाईल. ३० मिलिॲम्पिअरच्या पुढचा प्रवाहसुद्धा जिवावर बेतू शकतो.

खानदेशात हा धोका मे महिन्यात वाढतो. काळी माती वाळते, आकसते, तिला भेगा पडतात. सळईभोवतीची माती तिच्यापासून सुटते. पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरते उरते. धुळ्याच्या पश्चिमेकडील मुरमाड जमिनीत तर पाणी मुळातच कमी टिकते. म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालतात: कोळसा ओल धरतो, मीठ आयन पुरवते. पण उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतले नाही, तर दोन्ही निरुपयोगी. फ्यूजमध्ये जाड तार बसवली असेल, तर चांगले अर्थिंगही वाया जाते. पेटीत ३० मिलिॲम्पिअरवर तुटणारा अर्थ लीकेज ब्रेकर असणे सर्वांत चांगले.

तेव्हा त्या मुलीला सांगू, "दोन रकान्यांच्या मध्ये एक तिसरा रकाना आख. त्यात काळी माती लिही आणि पुढे लिही: ओल किती, त्यावर अवलंबून." मग वर्गाला एक गृहपाठ देऊ: आपल्या विहिरीवरच्या अर्थिंगच्या खड्ड्याला शेवटचे पाणी कधी घातले, हे घरी विचारून यायचे.