पहिल्या वर्षात अंग किती भरते?

आरोग्य शिबिरात एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाचे वजन ५४ किलो. जिममध्ये नाव घालून दोन महिने झाले होते. आई धुणीभांडी करते. घरात तीन हजारांचा पावडरचा डबा आला होता, आणि आता ट्रेनर म्हणत होता, "नुसत्या पावडरने काही होणार नाही, कोर्स करावा लागेल." कोर्स म्हणजे इंजेक्शनांचा. मुलाचा आम्हाला एकच प्रश्न होता, "ताई, दोन महिने घाम गाळला, काहीच फरक नाही. माझ्या शरीरातच खोट आहे का?"

आम्ही टेप काढून मोजले. दंड एक सेंटिमीटरने वाढला होता. पहिल्या दिवशी जे वजन त्याला पाच वेळा उचलत होते, ते आता बारा वेळा उचलत होते. म्हणजे फरक पडला होता. खोट शरीरात नव्हती, त्याला सांगितलेल्या हिशोबात होती. म्हणून खरा हिशोब इथे मांडतो.

शरीर काय देते

पहिल्या महिना-दीड महिन्यात ताकद झपाट्याने वाढते, पण अंग फारसे भरत नाही. या काळात मुख्यतः आपल्या नसा शिकत असतात. आहे त्या स्नायूतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला कसे लावायचे, हे त्यांना जमू लागते. आरशात दिसेल असा फरक साधारण दोन ते तीन महिन्यांनी पडतो.

नव्याने सुरुवात करणारा तरुण नियमित व्यायाम, पोटभर जेवण आणि पुरेशी झोप सांभाळत असेल, तर पहिल्या काही महिन्यांत महिन्याला अंदाजे अर्धा ते एक किलो स्नायू वाढतो. वर्षभरात चार ते सात किलो झाला तर उत्तम. दुसऱ्या वर्षी वेग निम्म्यावर येतो, आणि पुढे वर्षाला एक-दोन किलोसुद्धा मेहनतीने मिळवावे लागतात. अंगकाठी, वय आणि आनुवंशिकता यांप्रमाणे हे आकडे कमी-जास्त होतात. महिन्यात वजन सहा किलोने वाढले, तर त्यातला बहुतेक भाग पाणी आणि चरबी असते.

मुलींमध्ये किलोचा आकडा साधारण निम्मा असतो. मात्र ताकद चांगली वाढते आणि हाडेही मजबूत होतात. "वजने उचलली की बाई पुरुषी दिसते" ही भीती सोडून द्या. स्नायू फुगवणारे टेस्टोस्टेरॉन बाईच्या रक्तात पुरुषाच्या सरासरी दहाव्या भागाहूनही कमी असते.

इंजेक्शनाचा हिशोब

१९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये डॉ. शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. व्यायामाची सवय असलेले ४३ पुरुष, ठरवून दिलेला आहार आणि दहा आठवडे. खोटे इंजेक्शन घेऊन आठवड्यातून तीनदा वजने उचलणाऱ्यांचे चरबी सोडून वजन सुमारे २ किलो वाढले. आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन घेऊन व्यायाम करणाऱ्यांचे ६ किलो वाढले. आणि औषध घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचेही ३ किलो वाढले.

यातून दोन गोष्टी कळतात. इंजेक्शनने अंग वाढते हे खोटे नाही, आणि ते आम्ही लपवणार नाही. दुसरी गोष्ट अशी की भिंतीवरच्या पोस्टरातल्या शरीराशी स्वतःची तुलना करण्यात अर्थ नाही. ते शरीर कशावर उभे आहे, हे पोस्टर सांगत नाही.

तो अभ्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि फक्त दहा आठवड्यांचा होता. वस्तीतल्या जिममध्ये देखरेख नसते आणि कोर्स वर्षानुवर्षे चालतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. वृषण आकसतात, वीर्यातले शुक्रजंतू घटतात, आणि मूल होण्यात अडचण येते. छातीला गाठीसारखी वाढ होते. रक्तदाब वाढतो, हृदयाची भिंत जाड होते. गोळ्यांच्या स्वरूपातली स्टिरॉइड्स यकृतावर ताण आणतात. एकच सुई दोघांनी वापरली तर एचआयव्ही आणि कावीळ बी, सी यांचा धोका असतोच.

आणखी एक औषध हल्ली जिममध्ये फिरते, मेफेंटरमाइन. आम्ही ते ऑपरेशन थिएटरमध्ये पाहिले आहे. कण्यात भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब खाली गेला की भूलतज्ज्ञ ते मोजून देतात, समोर मॉनिटर असतो. व्यायामाआधी तरतरी यावी म्हणून पोरे तेच टोचून घेतात. त्याने स्नायू वाढत नाही. रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात आणि सवय लागते.

पैसा कुठे घालावा

वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. ५४-५५ किलोच्या मुलाला साधारण ८७ ग्रॅम. हे असे जमते: चार अंडी २४ ग्रॅम, ५० ग्रॅम सोयाबीन वड्या २६, ५० ग्रॅम फुटाणे १०, एक ग्लास दूध ८, एक वाटी घट्ट वरण ७, चार चपात्या १२. सुकट, मासे, चिकन असेल त्या दिवशी अंडी कमी करा. एवढे पोटात जात असेल तर डब्याची गरज नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्यातून दोनदा काम द्या. आठवड्याला त्याचे दहाएक सेट झाले तर पुरे. शेवटच्या दोन-तीन उचली जड गेल्या पाहिजेत. सहज जमू लागले की वजन थोडे वाढवा. सात-आठ तास झोपा. रात्रपाळी करून पहाटे जिमला जाणाऱ्यांचे अंग भरत नाही, त्यामागे बहुतेकदा झोपच असते.

एक वही ठेवा. किती वजन, किती वेळा, ते लिहा. महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच जागी टेप लावा. रोज आरशात पाहू नका.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना वेगळे सांगतो. पुरुष उमेदवाराला छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवून पाच सेंटिमीटर वाढ. पण गुण मिळतात ते १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेकीचे. घाईने चढवलेले वजन १६०० मीटरला पायात येते.

ज्यांनी आधीच घेतले आहे

त्यांना आम्ही बोल लावत नाही. सरकारी रुग्णालयात जा, काय टोचले ते खरे सांगा, रक्तदाब आणि रक्त तपासून घ्या. सुई कोणाबरोबर वापरली असेल तर एचआयव्हीची तपासणी तिथल्या आयसीटीसी केंद्रात मोफत आणि गुप्त होते. कोर्स बंद केल्यावर काही महिने थकवा आणि उदासी येते. ते कळले नाही तर मुलगा पुन्हा सुईकडे वळतो, म्हणून घरच्यांनी त्या काळात त्याला एकटे सोडू नये.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, की तीन महिन्यांत दहा-पंधरा किलोची हमी कोणी दिली, तर त्या हमीत काय भरले आहे ते आधी विचार. आईने डब्याचे पैसे अंड्यांना लावले. चार महिन्यांनी तो पुन्हा शिबिरात आला. काटा ५७ किलो दाखवत होता. "फक्त तीन?" तो म्हणाला. आम्ही म्हटले, "तीन, आणि तुझे स्वतःचे. वही दाखव."