पोटाचा घेर आणि आपले आरोग्य

शेतात राबणाऱ्याला लठ्ठपणाचे भय नाही, असा आपल्याकडे समज आहे. मोट आणि नांगर होते तोवर तो बराचसा खराही होता. आता नांगरणी ट्रॅक्टरने होते, पाणी पंपाने चढते, बाजारची खेप मोटारसायकलने होते. ताटातला भात-भाकरीचा वाटा मात्र तेवढाच राहिला आहे.

चरबी म्हणजे शरीराची कणगी. गरजेहून जास्त खाल्लेले अन्न, मग ते तेलतूप असो, साखर असो वा भात असो, चरबी होऊन साठते. ही साठवण मुळात वाईट नाही. आजारपणात ती कामी येते, अंगाची ऊब राखते. परंतु कातडीखालची कणगी भरली, म्हणजे चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात साठू लागते. खरा धोका या आतल्या चरबीचा आहे. तिच्यातील स्निग्ध द्रव्ये रक्तावाटे यकृतात उतरतात. मग इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो व रक्तातील साखर वाढते. रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आतून अरुंद होत जातात. मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांची वाट येथूनच सुरू होते. शिवाय वाढलेल्या वजनाने गुडघे लवकर झिजतात.

‘मी तर सडपातळ आहे,’ असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण अंगातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के भरली! आपल्या लोकांत हातपाय बारीक आणि पोट सुटलेले, अशी ठेवण पुष्कळ आढळते. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये.

शिंप्याची टेप घ्यावी. उभे राहून, श्वास सोडून, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर घेर मोजावा. पोट आत ओढू नये. पुरुषाचा घेर 90 सेंटिमीटर (सुमारे साडेपस्तीस इंच) आणि स्त्रीचा 80 सेंटिमीटर (सुमारे साडेएकतीस इंच) किंवा त्याहून अधिक भरला, तर सावध व्हावे. गरोदर स्त्रियांना हे माप लागू नाही. लुंगी आणि साडी हवी तेवढी सैल नेसता येते, त्यामुळे वाढता घेर ध्यानात येत नाही. टेप मात्र खरे सांगते.

घेर जास्त भरल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी. ही साखर 100 ते 125 असेल, तर मधुमेह उंबरठ्यावर आहे असे समजावे. 126 किंवा अधिक असेल, तर डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी.

उपाय खर्चाचा नाही. भाताचा एक वाढा कमी करून त्या जागी डाळ, उसळ व भाजी घ्यावी. तळण सणावारीच असावे. चहातली साखर हळूहळू कमी करावी. दारू सोडावी. शेतीचे काम नसेल त्या दिवसांत रोज अर्धा तास झपाझप चालावे. उपाशी राहून वजन उतरवू नये. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. सत्तर किलोच्या माणसाने चार-पाच किलो उतरवले, तरी मधुमेहाचा धोका पुष्कळ घटतो.

या आठवड्यात घरातील प्रत्येक मोठ्या माणसाचा घेर मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा व तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा.