जुन्या संगणकाची नवी पाटी

जुनी वस्तु जपून ठेवणें आणि जुनी वस्तु वापरांत ठेवणें, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कपाटांतील सतार जपली जाते खरी. पण तिच्या तारा बदलून तिच्यावर कोणी हात फिरवील, तरच ती जिवंत राहिली असें म्हणावयाचें. चाळीसांहून अधिक वर्षांपूर्वींच्या घरगुती संगणकांवर प्रेम करणारे हौशी लोक आज अनेक देशांत आहेत. बिघडलेलें यंत्र दुरुस्त करणें त्यांना साधतें. परंतु त्या यंत्रासाठीं नव्या आज्ञावली लिहिणारे तरुण पुढें कसे मिळावेत, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न आहे. आज्ञावली म्हणजे संगणकानें एकामागून एक करावयाच्या कामांची क्रमवार यादी. ती लिहिण्याचें साधन कसें रचावें, ह्यावर त्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ अंशीं अवलंबून आहे.

ह्या बाबतींत 'बीबीसी मायक्रो' ह्या यंत्राचें उदाहरण बोधप्रद आहे. ब्रिटनच्या नभोवाणी-संस्थेनें लोकांना संगणकाची ओळख करून देण्याची मोहीम हातीं घेतली, तेव्हां केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीनें तें तयार केलें व १९८१ च्या डिसेंबरांत तें बाहेर पडलें. भारत सरकारनें १९८४ सालीं शाळांसाठीं जी संगणक-योजना सुरू केली, तिच्यांतही हींच यंत्रें होतीं. त्यांतील 'बेसिक' भाषा सोफी विल्सन ह्यांनीं रचली. यंत्र सुरू करतांच पडद्यावर एक लहानशी खूण उमटे आणि लिहिणारा लगेच लिहूं लागे. पाटी-पेन्सिल हातीं घ्यावी इतकें तें सोपें होतें.

परंतु ही पाटी फार लहान होती. एक इंग्रजी अक्षर मावण्यास जी जागा लागते तिला 'बाइट' म्हणतात. ह्या यंत्रांत लिहिण्या-पुसण्याजोगी जागा अवघी ३२,७६८ बाइट होती. त्यांतून ३,५८४ बाइट यंत्राच्या स्वतःच्या कारभारासाठीं जात. पडद्यावर केवळ मजकूर हवा असेल तर आणखी १,०२४ बाइट पुरत व लिहिणाऱ्यास २८,१६० बाइट उरत. पण अत्यंत बारीक रेषांचें चित्र हवें असेल तर चित्रालाच २०,४८० बाइट लागत आणि हातीं फक्त ८,७०४ बाइट राहत. तबकडीवर मजकूर सांठविण्याची सोय जोडली कीं तेही ५,८८८ वर येत. चाळींतील एकाच खोलींत अंथरूण गुंडाळल्यावांचून पानें मांडतां येत नाहींत, तसाच हा प्रकार.

म्हणून प्रत्येक सोयीची किंमत मोजावी लागे. 'प्रिंट' हा पांच अक्षरी शब्द यंत्र आंत एकाच बाइटांत सांठवी. 'ब्रेक' ही कळ चुकून दाबली तर सारें लिखाण नाहींसें झाल्यासारखें दिसे. परंतु लगेच 'ओल्ड' एवढा शब्द लिहिला कीं तें परत मिळे. चूक झाल्यास ती कोणत्या ओळींत आहे हें यंत्र सांगे. माणूस चुकणारच हें गृहीत धरून केलेली ही रचना होती.

आजचा हौशी लेखक बहुधा आधुनिक संगणकावर लिहितो, जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावलीवर तें तपासतो आणि मग खऱ्या यंत्रांत उतरवितो. पडदा मोठा, शोध घेणें सोपें, जुनें लिखाण सुरक्षित. हे लाभ उघड आहेत. तोटा असा कीं, आधुनिक यंत्राच्या ऐसपैस अंगणांत वावरतांना जुन्या खोलीच्या भिंती दिसेनाशा होतात. महिनाभर खपून लिहिलेली आज्ञावली शेवटीं खऱ्या यंत्रांत मावत नाहीं, तेव्हां हौस तेथेंच विझते.

चांगलें साधन ह्या दोहोंचा मेळ घालील. किती बाइट उरले हें तें प्रत्येक ओळीनंतर दाखवील. लिहिणें व चालवून पाहणें ह्यांत क्षणाचेंच अंतर ठेवील. चूक सरळ शब्दांत सांगेल. लिखाण त्या यंत्राच्या गुप्त खुणांत न कोंडतां साध्या मजकुराच्या रूपानेंही जपील, म्हणजे यंत्र मोडलें तरी विद्या मोडणार नाहीं. मात्र भिंती पाडून टाकण्याचा मोह त्यानें टाळावा. अमर्याद जागा हवी असणाऱ्यास आजचे संगणक आहेतच. ह्या यंत्राची गोडी मर्यादेंतच आहे.

हें यंत्र ज्यांनीं बाळपणीं हाताळलें, ते आतां उतारवयाकडे झुकले आहेत. नवशिक्याला पहिल्याच संध्याकाळीं स्वतःची एक ओळ पडद्यावर चालतांना दिसली, तर तो दुसऱ्या दिवशीं पुन्हां येईल. न दिसली, तर सतार कपाटांतच राहील.